पाय सुजलेत, एक गोळी द्या

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या, की आमच्याकडे माझ्या दुकानातली गर्दी वाढते. समुद्रावर असताना ज्याच्याकडे बघायला फुरसत नसते ती सगळी दुखणी पावसाच्या दोन महिन्यांत बाहेर निघतात. गुडघे, दाढा, साखर, प्रेशर. आणि पाय.

गेल्या वर्षी अशाच एका ओल्या दुपारी एक तांडेल आले. छत्री दाराशी टेकवली, बाकावर बसले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून मला दाखवला. खळगा पडला तो पडलाच. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजून दिले तरी भरला नव्हता.

"बाय गे, पाय सुजले हत. ती मुताची गोळी दी एक."

"कसली? नाव काय?"

खिशातून कात्रीने कापलेला तुकडा निघाला. दोन गोळ्या, आणि नाव नेमकं कापून गेलेल्या भागावर. शेजाऱ्याच्या गोळ्या होत्या. "तेका लागू पडली, माका कित्याक पडाची नाय?"

सत्तावीस वर्षं देवगड तालुक्यात औषधाचं दुकान चालवते आहे, पण या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या देता येत नाही. तेव्हा बसून लिहिते.

त्यांना मी गोळी दिली नाही. प्रेशरला काय चालू आहे ते विचारलं. अ‍ॅम्लोडिपिन, दहाची. मे महिन्यापर्यंत पाचची होती. तिथेच सगळं आलं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. केशवाहिन्यांत येणारं रक्त वाढतं, जायची वाट तेवढीच राहते, दाब वाढतो आणि पाणी घोट्यापाशी झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, चुकीच्या जागी गेलेलं असतं. त्यावर लघवीची गोळी फारसं काही करत नाही. उलट प्रेशर पडून चक्कर यायची. मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे दहाची पुन्हा पाच झाली, जोडीला दुसरी एक आली, आणि गणपतीच्या आधी त्यांचे घोटे दिसायला लागले. जाताना मात्र माझ्यावर रागावूनच गेले होते. मीच गोळी दडवून ठेवल्यासारखे.

आता मुद्दा असा, की ‘मुताची गोळी’ नावाची एक गोळी नसतेच. चार-पाच वेगवेगळ्या जातीच्या गोळ्यांना आपण एकच नाव ठेवलंय.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे आपल्याकडे पोरंसुद्धा जाणतात. मीठ जाईल तिकडे पाणी जातं. या बहुतेक गोळ्यांचं सगळं शास्त्र एवढंच. कुठलीच गोळी मूत्रपिंडातून पाणी पिळून काढत नाही. मीठ परत अंगात जाऊ देत नाही, आणि मिठामागून पाणी जातं.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. आपण लघवी करतो दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. प्रत्येक मूत्रपिंडात अशा दहा लाखांच्या आसपास बारीक नळ्या असतात. आगर शिपताना पाटाचं पाणी कसं जाता जाता दोन्ही बाजूंची आळी भरत जातं, तसंच इथे चालतं. नळीच्या सुरुवातीलाच मिठाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत घेतला जातो. पुढे नळी खाली जाऊन वर वळते, तिला हेन्लेचं वळण म्हणतात, तिथे चौथा हिस्सा. त्याच्या पुढे पाच-सात टक्के. अगदी शेपटाला दोन-तीन टक्के. उरेल ते बाहेर. लघवीची गोळी यातल्या कुठल्या तरी एका आळ्याचं तोंड बुजवते. कुठलं तोंड बुजलं, त्यावर जोर किती आणि त्रास कुठला, हे ठरतं.

सगळ्यात जोरकस ती हेन्लेच्या वळणावरची: फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, आणि टॉरसेमाइड, म्हणजे आमच्याकडे बहुतेकांच्या चिठ्ठीवर असतं ते डायटॉर. चौथा हिस्सा मीठ जिथे परत घेतलं जातं तिथलंच तोंड बंद, म्हणजे पूर आलाच. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलंय, माणूस आडवा होऊ शकत नाही, तेव्हा हीच शिरेतून देतात. पाच मिनिटांत काम सुरू होतं. तोंडाने घेतली तर अर्ध्या-एक तासात सुरू होऊन सहा-आठ तास चालतं. लॅसिक्स हे नावच ‘सहा तास टिकते’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलंय. कंपनीने नावातच वेळापत्रक घालून दिलं, तरी लोक ती रात्री जेवल्यावर घेतात!

आणि रात्री घेणं म्हणजे आमच्याकडे काय, ते शहरातल्या डॉक्टरांना कळत नाही. अजून कितीतरी घरांत संडास-न्हाणी मागीलदारी आहे. जुलैची रात्र, वीज गेलेली, पायरीला शेवाळ, आणि ऐंशी वर्षांची म्हातारी तिसऱ्यांदा उठलेली. खुब्याचं हाड मोडून मग जिल्ह्याला न्यायचं. म्हणून मी पाकिटावर पेनाने मोठ्ठं लिहून देते, "सकाळी ८". दोनदा असेल तर "८ आणि २". संध्याकाळचं लिहिलेलं आलं तर डॉक्टरांना फोन करून विचारते. वैतागतात. वैतागू देत.

दुसरी अडचण एस.टी.ची. गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी, त्यातल्या बायका विशेष, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून ही गोळी बंद करतात. दहा-बारा तासांचा रस्ता, वाटेत धड संडास नाहीत, त्यांचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण मग इथे येऊन उकडीचे मोदक, पापड, लोणचं, आणि गोळी विसर्जनापर्यंत विसरलेली. पाचव्या-सातव्या दिवशी धाप लागून दारात. एक दिवस पोचल्यावर घेतली तर चालेल का, एवढं निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवलं तरी पुष्कळ होतं.

फ्युरोसेमाइड तोंडाने घेतली की सरासरी निम्मीच रक्तात पोचते, आणि तेही माणसागणिक वेगळं. पोटातली आतडीच सुजलेली असली तर शोषायला आणखी वेळ. टॉरसेमाइड जवळजवळ सगळी पोचते, म्हणून हल्ली तिचा खप जास्त. तरीही पाणी उतरलं नाही तर डॉक्टर पुढच्या आळ्याचंही तोंड बुजवतात, जोडीला मेटोलाझोन देतात. या दोघी एका चिठ्ठीवर आल्या की मी ती दोनदा वाचते आणि घरच्यांना रक्ततपासणीची तारीख विचारते. पाणी धो धो जातं. सोबत पोटॅशियमही जातं, पायात गोळे येतात, ठोके चुकतात.

पुढच्या पाच-सात टक्क्यांवर काम करतात त्या थायझाइड जातीच्या. जोर कमी, पण टिकाऊ, आणि सुजेपेक्षा प्रेशरसाठी जास्त. गंमत म्हणजे निम्म्या लोकांना आपण ही घेतोय हेच माहीत नसतं. प्रेशरच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर आत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. ‘सीटी’ असेल तर क्लोरथॅलिडोन. "मी लघवीची गोळी घेत नाही हां," असं ठासून सांगणाऱ्याच्या हातात ‘एच’ची स्ट्रिप असते.

या जातीतली पहिली, क्लोरोथायझाइड, १९५०च्या दशकाच्या अखेरीला आली. त्याआधी काय होतं? पारा! १९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि नर्सनी ठेवलेल्या तक्त्यात दिसलं की लघवी एकदम कितीतरी पट वाढलीय. पुढची तीस-चाळीस वर्षं सुजेला पाऱ्याची इंजेक्शनं चालली. आज लोक साध्या गोळीला ‘गरम पडते’ म्हणून नावं ठेवतात तेव्हा मला तो पारा आठवतो.

थायझाइड सौम्य वाटते, पण म्हाताऱ्या माणसांत तिची एक खोड वाईट. सोडियम पाडते. श्रावणातली गोष्ट. आमच्या वाडीपलीकडच्या एक काकू, ‘एच’वाली गोळी चालू, त्यात सोमवार-शनिवार उपास, जेवण जेमतेम, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तांब्यावर तांबे पाणी. आठवड्यात असंबद्ध बोलायला लागल्या. सुनेला ओळखेनात. घरच्यांनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मी त्याला हसत नाही, माझ्या घरीही घालतात. पण नारळ ठेवून झाल्यावर मुलगा दुकानात आला आणि "आई कसंतरीच करते, झोपेची गोळी द्या" म्हणाला. मी गोळ्यांची पिशवी मागवली. ‘एच’ पाहिली आणि म्हटलं, झोपेची गोळी नको, आत्ताच्या आत्ता रक्त तपासा. सोडियम ११८ निघालं. १३५च्या खाली जायला नको असतं. चार दिवस इस्पितळात, सावकाश वर आणलं (घाईने आणलं तर मेंदूला इजा होते), गोळी बदलली. आता सुनेला ओळखतात आणि पूर्वीसारख्याच टोमणे मारतात.

युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजणं, साखर थोडी चढणं, उन्हाने कातडी रापणं, हेही थायझाइडचं. आणि एक उलटी गंमत: हेन्लेच्या वळणावरची गोळी लघवीतून कॅल्शियम घालवते, तर थायझाइड ते अंगात राखते. म्हणून वारंवार कॅल्शियमचे मुतखडे होणाऱ्यांना ती देत आलेत, जरी अलीकडच्या एका मोठ्या चाचणीत तिचा फायदा तितकासा दिसलेला नाही. आमच्याकडे मुतखड्याला कुळथाचं कढण. ते प्या बापडे, पण दोन लिटर पाणीही प्या.

आता शेवटचं आळं. दोन-तीन टक्के मीठ, म्हणजे कुणाला वाटेल की इथे काय मोठं होणार. पण माझ्या घरचं सगळ्यात मोठं प्रकरण इथेच घडलं.

अण्णा, माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हृदय जुन्या अ‍ॅटॅकनंतर थकलेलं. तीन उशा घेऊन झोपायचे. टॉरसेमाइड, प्रेशर-हृदयाची रॅमिप्रिल, आणि स्पायरोनोलॅक्टोन, पंचवीस मिलिग्रॅम. ही शेवटची अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवते. नळीच्या शेपटाला हे संप्रेरक सोडियम आत घेतं आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं. ते अडलं की मीठ थोडं जातं, पोटॅशियम मात्र अंगातच राहतं. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेल्यांना ही मोठ्या मात्रेत देतात, बहुधा शंभराला चाळीस फ्युरोसेमाइड अशा प्रमाणात. हृदयासाठी छोटी मात्रा पुरते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदय खूप थकलेल्या रुग्णांचे मृत्यू या छोट्या मात्रेने ३० टक्क्यांनी कमी झाले. पुरुषांना कधी कधी स्तन दुखतात, वाढतात. लाजून सांगत नाहीत, इकडेतिकडे बघत, गिऱ्हाईक गेल्यावर कुजबुजतात. त्याला दुसरी गोळी आहे, एप्लेरेनोन. सांगा हो.

तर अण्णा. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. आता पेज-जेवण्याच्या घरात मीठ कमी म्हणजे काय? खारा बांगडा गेला, सुकट गेली, पापड गेला, खारातला आंबा गेला. चार दिवस अण्णांनी ताटाकडे असं पाहिलं, की मलाच राहवेना. मी दुकानातून कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट घरी नेलं. चव तीच, सोडियम कमी. स्वतःवर खूष होते मी.

पुढे ऑक्टोबरात त्यांना ताप आला, जुलाब झाले. अशक्तपणा आला म्हणून आत्याने आपल्याच माडाची शहाळी उतरवली. सकाळी एक, संध्याकाळी एक. "सलाईनापरास बरां," म्हणाली. जुलाब सुरू झाले तेव्हा गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. मीही नाही. गोळ्या वेळेवर चालू.

पाचव्या दिवशी अण्णा पडवीच्या पायरीवर बसले ते उठेनात. दुखत काही नव्हतं. "पायात जीवच नाय गे," म्हणाले, आणि असं हसले की जणू चूक त्यांचीच. मी नाडी धरली. मिनिटाला बेचाळीस. गाडी काढली.

ईसीजीच्या कागदावर टी-लाटा सुरूच्या झाडांसारख्या उभ्या, अरुंद आणि टोकदार. पोटॅशियम ६.४. पाचच्या आत असावं लागतं. हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, तोंडावर नेब्युलायझरचा मुखवटा. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने मला विचारलं, "खाण्यात काय बदल?" शहाळ्यांचं सांगितलं. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. "अजून?" काही नाही म्हणाले. आणि मग खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात ते पाकीट आलं. कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी काय घालतात? पोटॅशियम क्लोराइड. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पाकीट माझ्याच फळीवरचं होतं. रॅमिप्रिलनेही पोटॅशियम वाढतं, स्पायरोनोलॅक्टोननेही, जुलाबाने मूत्रपिंड मंदावलेलं. यातली एकेक गोष्ट मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

नंतर वाचताना सापडलं की त्या १९९९च्या चाचणीनंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ही गोळी भराभर लिहायला सुरुवात केली आणि पोटॅशियम वाढून इस्पितळात येणाऱ्या वृद्धांची संख्या चढली. २००४ साली तो अभ्यास छापून आला. म्हणजे हे घडतं, हे जगाला ठाऊक होतं. मला त्या पायरीवर कळलं.

तेव्हापासून ते मीठ मी विचारल्याशिवाय देत नाही. "मूत्रपिंडाचं काही? हृदयाची गोळी?" लोक म्हणतात, मीठ घेतोय की पासपोर्ट. गुडघ्याच्या गोळ्यांचंही तसंच. प्रेशरची ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’वाली गोळी, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफिनॅक, हे त्रिकुट मूत्रपिंड बंद पाडू शकतं, आणि नेमकं तेच त्रिकुट जूनमध्ये माझ्या काउंटरवर रोज उभं असतं.

राहिलेल्यांना भराभर आटपते. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स: नळीच्या सुरुवातीला काम करूनही लघवीची गोळी म्हणून दुबळी, कारण सुटलेलं मीठ पुढची आळी पिऊन टाकतात. पण काचबिंदूला उपयोगी, आणि केदारनाथला निघालेली आमची मंडळी उंचीच्या त्रासासाठी मागतात. बोटांना मुंग्या येतील आणि सोड्याची बाटली बेचव लागेल, हे मी आधीच सांगते, नाहीतर वरून फोन येतो. मॅनिटॉल हे इस्पितळातलं, मेंदूची सूज उतरवायला शिरेतून. माझ्या फळीवर त्याचं काम नाही. आणि ‘-ग्लिफ्लोझिन’ नावांच्या साखरेच्या गोळ्या, ज्या लघवीवाटे साखर घालवतात, सोबत थोडं मीठ-पाणी जातं. आता मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही देतात. अण्णांनाही चालू आहे. पेटंट संपल्यापासून किंमत इतकी उतरलीय, की चिठ्ठी बघून पुन्हा खिशात घालणारे आता निदान महिन्याची नेतात.

अण्णा घरी आहेत. स्पायरोनोलॅक्टोन काही महिने बंद होती, आता अर्धी, दर महिन्याला रक्त तपासून. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजनकाट्यावर उभे राहतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहितात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा असं ठरलंय. एकादशीच्या चौकोनात जागा नसते म्हणून तो आकडा समासात असतो. मीठ साधंच आहे, पण मोजून, आणि खारा बांगडा महिन्यातून एकदा, बोटाएवढा.

शहाळ्याचं मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. परवा माड उतरवले. आत्याने एक फोडून पाणी नातवाला दिलं आणि करवंटी अण्णांपुढे धरली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"पाणी नको म्हणतंस. मलईचा काय ता बग तुझ्या पुस्तकात."

पाहिलं. त्यातही आहे. अजून सांगितलेलं नाही.